इनक्युबेटरच्या पेटीतल्या बाळाचा ऑक्सिजन कोणी 'वाचवत' नाही

चार दिवस रत्नागिरी, लांजाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: "पेटीतल्या बाळाच्या मशीनवर 100 दिसत नसेल तर ऑक्सिजन वाचवतायत, भांडा." हे साफ चूक आहे. भांडून ऑक्सिजन वाढवायला लावला तर बाळाच्या डोळ्यांवर बेतू शकतं.

कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना मशीनवरचा आकडा (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) साधारण 90 ते 95 मध्येच ठेवतात. 100 च्या आसपास गेला की रक्तात नेमका किती जादा ऑक्सिजन आहे ते मशीनला कळत नाही, आणि त्या जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात. 1950 च्या दशकापासून हे माहीत आहे. उलट 85 ते 89 मध्ये ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त आढळले, म्हणून खालीही सोडत नाहीत. इवल्याशा तळपायाला हा आकडा मोजणारी लाल दिव्याची पट्टी असते; बाळाने पाय झाडला तरी आकडा हलतो, अलार्म वाजतो. सिस्टर आधी बाळाचा रंग आणि श्वास बघते, मग ऑक्सिजनच्या नॉबला हात लावते. बाहेरून दिलेला ऑक्सिजन बंद असताना 98 दिसला तर घाबरू नका, तेव्हा जादा ऑक्सिजन जात नसतो.

विचारायचंच तर डोळ्यांच्या तपासणीची तारीख विचारा. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोहून कमी वजनाच्या बाळाची ती 30 दिवसांच्या आत व्हायला हवी, फार लहान बाळाची त्याआधीच. डिस्चार्ज मिळाला, पाऊस लागलाय, गाव लांब आहे, तरी ती चुकवू नका.