गिरणीच्या भिंती

जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत आम्ही राहू लागलो, त्याला आता ६ वर्षे होतील. छताची उंची, बिडाचे खांब आणि मोठ्या खिडक्या येणाऱ्यांना आवडतात, मलाही त्या प्रिय आहेत. परंतु अशा इमारतींची घरे करताना माझ्या मते सर्वाधिक हानी भिंतींची होते आणि ती बहुधा दुरुस्तीच्या नावाखालीच होते, म्हणून हे लिहीत आहे.

बैठकीच्या खोलीतील उघड्या विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, आधीच्या मालकांनी सिमेंटने भरून घेतल्या होत्या. काम नीटनेटके दिसत होते, मात्र आम्ही आल्यावर दुसऱ्याच वर्षी भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला आणि विटांचे पापुद्रे हाताला येऊ लागले. जुनी वीट सच्छिद्र असते आणि चुना तिच्याहून मऊ. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडते आणि झिजायचे ते दरजांनी झिजायचे, अशी ती रचना असते. घट्ट सिमेंटने ही वाट बुजवली की ओल विटेतूनच बाहेर येते, क्षार तिच्या पृष्ठभागामागे साठतात आणि वीट सोलवटत जाते. दरज पुन्हा भरता येते, पण शंभर वर्षांची वीट पुन्हा कुठून आणणार?

उबेसाठी आतून फोमचे थर लावण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. त्या थरामागे भिंत आणखी थंड पडते, घरातील बाष्प तेथे पोहोचून विटेवर साचते आणि भिंतीत रुतलेली लाकडी तुळयांची टोके कोणाच्या लक्षात न येता कुजू शकतात. आम्ही खिडक्यांच्या फटी बुजवल्या, जाड पडदे लावले आणि उरलेली थंडी स्वीकारली. (शिसेयुक्त जुना रंग मात्र जाणकारांकडून काढून घेतला, त्याबाबत तडजोड नको.)

इंग्लंडमध्ये श्रूझबरी येथे १७९७ मध्ये पूर्ण झालेली गिरणी लोखंडी सांगाड्याची जगातील पहिली इमारत मानली जाते. आगीला तोंड देण्यासाठी तिच्या आतील खांब आणि तुळया लोखंडाच्या केल्या, तरी बाहेरच्या भारवाहक भिंती विटांच्याच राहिल्या. गिरणीची भिंत ओझे वाहते. तिला केवळ सजावट समजणे मला पटत नाही.

यंत्राने विटांच्या कडा तुटतात, म्हणून आम्ही दरजांमधले सिमेंट छिन्नी-हातोडीने काढले. उत्तरेकडील भिंत यंदा हाती घेणार आहोत; ज्यांनी दरजा चुन्याने भरून घेतल्या आहेत, त्यांनी चुना आणि वाळूचे प्रमाण किती ठेवले होते, हे कृपया लिहावे.