सूत्र कधी आणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाळेत भौतिकशास्त्र कसं शिकवावं यावरच्या माझ्या लेखाला इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्यामुळे उत्तरही जरा लांबतंय. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आठवी-नववीच्या मुलांचं गणित कच्चं असतं, त्यात सूत्रं बाजूला ठेवली तर भौतिकशास्त्राच्या नावाखाली नुसत्या गमतीजमती उरतात, आणि एकेका संकल्पनेवर इतके तास घालवले तर पोर्शन पूर्ण होणार कधी?

सूत्रं नकोत असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ती उशिरा आणा, एवढंच माझं म्हणणं आहे.

चेंडूचंच बघा. सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवेचा रोध सोडून द्या. आता त्याच्यावरची बलं बाणांनी दाखवा, असं वर्गात सांगून पाहा. वह्यांमध्ये हमखास एक बाण वरच्या दिशेने निघालेला दिसेल: 'हाताचं बल'. वर जातोय म्हणजे कुणीतरी वर ढकलत असणारच! (खरं तर हात सुटल्यावर उरतं ते फक्त खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण.) पुढचा प्रश्न, सर्वांत उंच बिंदूवर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? 'शून्य', कारण तिथे वेग शून्य आहे. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता की, असं म्हटल्यावर वर्गात खरी चुळबुळ सुरू होते. आणि गंमत म्हणजे गतीची तिन्ही समीकरणं घडाघडा म्हणणारी, जास्तीत जास्त उंची बिनचूक काढणारी मुलंही यात असतात. त्यांचं गणित कच्चं कसं म्हणणार?

हे फक्त शाळेतच घडतं असंही नाही. १९९२ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही बलाची समज तपासणारी चाचणी प्रसिद्ध केली. बहुपर्यायी प्रश्न, आकडेमोड जवळजवळ नाहीच. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी हेस्टेनीस यांचीच याआधीची अशी चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मला मनातून वाटतं तशी? सूत्र आधी पाठ झालं की डोक्यात असे दोन कप्पे होतात, आणि परीक्षेत फक्त एकच उघडतो.

आता गणिताबद्दल. या वयाला लागणारं गणित म्हणजे प्रमाण आणि आलेख, आणि ते भौतिकशास्त्रातच उत्तम शिकवता येतं. लंबक घ्या. दोऱ्याला गोळा बांधा, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा (इथे बरेच जण चुकतात), झोका लहान ठेवा. एका झोक्याची (म्हणजे जाऊन परत येण्याची) वेळ घेऊ नका, दहा झोक्यांची घेऊन दहाने भागा. घड्याळाचं बटण दाबण्यातली चूक दहावा हिस्सा उरते. लांबी २५ सेंटिमीटर असेल तर दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात. लांबी दुप्पट केल्यावर किती? मुलं बेधडक २० सांगतात. येतात १४ च्या आसपास. २० सेकंद हवे असतील तर दोरा एक मीटर लागतो, म्हणजे चौपट. गोळा जड केला तरी काही फरक नाही, यावर तर पैजा लागतात. एवढं झाल्यावर वर्गमुळाचं चिन्ह फळ्यावर लिहिलं, तर ते कशाबद्दल आहे हे मुलांना आधीच ठाऊक असतं. याला गमतीजमती म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

भौतिकशास्त्र रसायन आणि जीवशास्त्रानंतरच यावं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन अमेरिकेत नेमका उलटा क्रम मागत होते, आधी भौतिक, मग रसायन, मग जीवशास्त्र: रेणू समजायला अणू लागतो, पेशी समजायला रेणू.

पोर्शनची अडचण मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. काहीतरी कापावंच लागेल. मी विजेच्या मंडलातल्या रोधांच्या जोडणीची लांबलचक गणितं कापेन. एकसर आणि समांतर जोडणीची दोन-तीन साधी उदाहरणं झाल्यावर, सात-आठ रोधांचं जाळं सोडवण्यात विजेपेक्षा अपूर्णांकांचाच सराव जास्त होतो. तुम्ही काय कापाल, तेही लिहा.