पोतंभर तांदळासाठी धर्म? त्या मेसेजला उत्तर

यवतमाळ-वाशीमकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. विदर्भात गावंच्या गावं ख्रिस्ती होत आहेत, पोतंभर तांदूळ आणि सवलतींसाठी लोक बाटतात, बाटले की या मातीचे राहत नाहीत, आणि ‘येशूनं जीवन बदललं’ हे सभेत पढवलेलं नाटक असतं, असा त्याचा सूर. मी ख्रिस्ती नाही. पण यातली बरीच माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत.

‘गावंच्या गावं’ आधी निकालात काढू. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे 10.58 लाख होते, 2011 मध्ये 10.80 लाख. म्हणजे लोकसंख्येतला वाटा 1.09 टक्क्यांवरून 0.96 वर आला, तोही मुंबई-वसई धरून. काही जण नोंद लपवतात म्हणाल, तर लपवत असतीलही. का लपवतात, ते सवलतींकडे पाहिलं की कळतं.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. त्यात शीख 1956 मध्ये आले, बौद्ध 1990 मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे अनुसूचित जातीच्या माणसाचा बाप्तिस्मा झाला की पोराचं त्या यादीतलं आरक्षण जातं. गोंड, कोरकू यांचा जमातीचा दर्जा धर्म बदलला तरी टिकतो, पण तो त्यांच्याकडे आधीपासूनच होता. मग सवलत मिळाली कुणाला?

तांदळाचा आरोप मात्र अगदीच हवेतला नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अनाथ झालेली कितीतरी पोरं मिशनच्या आश्रमांत वाढली आणि ख्रिस्ती झाली. पुढे 1954 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं (विदर्भ तेव्हा त्यातच होता) न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. शाळा, दवाखाने, कर्ज यांच्या आडून धर्मांतरं होतात, असा ठपका समितीच्या 1956 च्या अहवालात आहे. मेसेजवाले हा अहवाल हमखास पुढे करतात. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा, नियोगींनी स्वतः बौद्ध धर्म स्वीकारला, हे कुणी सांगत नाही. आमिषाची चौकशी करणाऱ्या माणसाला धर्म बदलणं हाच गुन्हा वाटत नव्हता.

शिवाय आज रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. तेवढ्यासाठी कोण भावकी तोडून घेईल? लेकीची सोयरीक अडते, लग्नाच्या पंगतीत बोलावणं येत नाही, बाप मेला तर पुरायला जागा कुठली इथपासून वाद सुरू होतो.

परकेपणाचं म्हणाल, तर आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अजून कवी ना. वा. टिळकांची मराठी भजनं म्हणतात. टिळक नागपुरात बुटी नावाच्या धनिकाकडे कामाला होते. तिथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरदार दुरावलं. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. कोणत्या तांदळासाठी?

आता नाटक. ओळखीतला एक जण कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे घरी यायच्या आधीच पिऊन टाकायचा. त्याची बायको आधी प्रार्थनेला जायला लागली, तो दोनेक वर्षांनी, तेही कुरकुरत. सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. सभेत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, तो ‘एका रात्रीत’ म्हणतो, ते मला पटत नाही. मी पाहिलं ते असं: रोज संध्याकाळी, नेमक्या गुत्त्याच्या वेळेला, कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. आला नाही तर दोघं-तिघं दारात येऊन विचारतात. बायको चारचौघांत उठून बोलते आणि लोक ऐकून घेतात. तो मात्र याचं श्रेय स्वतःला घेत नाही, या मंडळींनाही देत नाही. क्षमा मिळाली म्हणतो. तो हिशेब त्याचा आणि त्याच्या देवाचा, मला तो तपासता येत नाही. पण बायकोचं गहाण पडलेलं डोरलं सुटलं, हे अख्ख्या गावानं पाहिलंय.

पंढरीची माळ घातली की मटण-दारू सुटते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसून पिणं सोडलेली माणसं आमच्याकडे आहेत. त्यांना ‘किती पोती घेतली?’ असं कुणी विचारत नाही. आणि ख्रिस्ती होऊनही पिणारे, बायकोवर हात टाकणारे आहेतच. बाप्तिस्म्याचं पाणी लागलं की काम झालं, असं त्यांचा पाळकसुद्धा म्हणत नाही.

एका बाबतीत मी मेसेजवाल्यांच्या बाजूनं आहे. ‘तेल लावा, गोळ्या बंद करा’ म्हणणारे प्रचारक इकडे फिरतात. त्यांची तक्रार जरूर करा, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा बाबा-बुवा आणि ब्रदर असा फरक करत नाही. पण त्यांच्यावरून सगळ्या ख्रिस्त्यांना झोडपाल, तर हे लक्षात असू द्या: उमरीचा दवाखाना, वाशीमचं रेनॉल्ड्स हॉस्पिटल, परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय हेही मिशननंच उभारलंय. तिथं प्रार्थना होते आणि गोळ्याही वेळेवर घ्यायला लावतात.