एक सवारी कमी आहे

इंदुरात पत्ता विचारला आणि समोरच्याने सांगितला नाही, असं होत नाही. ती जागा त्याला ठाऊक असते की नाही, ही गोष्ट वेगळी. 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणीही न विचारणं, असं इथल्या माणसाला वाटत असावं. तो पोह्यांची प्लेट डाव्या हातात घेतो, उजवा हात लांब करतो आणि म्हणतो, "सीधे चले जाओ, भिया." सगळ्या जागा सरळच असतात. राजवाडा सरळ, खजराना सरळ, आणि जरा नेट लावून विचारलंत तर उज्जैनही सरळच.

स्कूटर होती तोवर हे चालून जायचं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घरच्यांनी स्कूटरची किल्ली देवघरात ठेवली आणि साठी उलटल्यावर मी या शहरात 'सवारी', म्हणजे भाडं देऊन बसणारा प्रवासी, झालो. गाडीवाल्याला शहर रस्त्यांनी कळतं, सवारीला ते कंडक्टरच्या ओरडण्यातून कळून घ्यावं लागतं. "रीगल-पलासिया-एलआयजी-विजयनगर!" हे तो एका श्वासात म्हणतो, आणि आपल्याला हवा तो थांबा नेमका त्याने श्वास घेतला तिथे असतो.

त्यात या शहरातले निम्मे थांबे आता नसलेल्या वस्तूंच्या नावाने चालतात. रीगल टॉकीजला पिक्चर लागत नाही, रीगल चौराहा आहे. मालवा मिलचा भोंगा कधीच बंद पडला, मॅजिकवाले, म्हणजे सवाऱ्या भरून चालणाऱ्या छोट्या व्हॅनवाले, मात्र अजून "मिल, मिल" करतात. महू नाक्यावर नाका नाही. रिंग रोडवर एका चौकात वाहतूक सांभाळायला यंत्रमानव उभा केला होता, तेव्हापासून तो रोबोट चौराहा. पुढे लहान मुलं "रोबोट कुठाय?" म्हणून मॅजिकच्या खिडकीतून माना बाहेर काढतात आणि आया त्यांना आत ओढतात. भंवरकुआचं नाव 2021 मध्ये टंट्या भील चौराहा झालं. नाव चांगलं आहे, इंग्रजांशी लढलेल्या त्या माणसाचं व्हायलाच हवं होतं. पण बसच्या दारातून अजून "भंवरकुआ"च ऐकू येतं, आणि पाटी वाचून उतरणारा नवखा विद्यार्थी आपलं स्टेशन गेलं की यायचंय या विचारात आणखी दोन थांबे पुढे जातो. त्यातल्या त्यात सरवटे बसस्टँडचं बरं आहे. तात्या सरवट्यांचं नाव दिवसभर खणखणीत आवाजात घेतलं जातं. संविधान सभेत बसलेल्या मराठी माणसाला इतकं रोजचं स्मरण दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

नव्या इंदुराला तर नावंच नाहीत, आकडे आहेत. विकास प्राधिकरणाने एकेक योजना आखली, तिला नंबर दिला, लोक राहायला गेले आणि नंबर तसाच राहिला. 54, 74 आणि 78 विजय नगरच्या बाजूला. मग 71 पण तिथेच असेल म्हणाल तर ती पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला. 140 पिपल्याहानाकडे. माझी आत्या अठ्ठ्याहत्तरमध्ये आहे, असं मी कुणाला तरी तिच्या वयाबद्दल सांगितलं, तर त्याने काळजीने विचारलं, "पाण्याचं कसं आहे तिकडे?"

आत्या राहते आमच्याकडे रामबागेत, आणि हा लेख खरं तर तिच्यामुळेच लिहितोय. कारण चुलतभावाने 140 मध्ये फ्लॅट घेतला, वास्तुशांतीचं बोलावणं केलं आणि फोनवर म्हणाला, "दादा, काही अवघड नाही. बंगाली चौराह्यावरून दोन मिनिटं." ज्याच्याकडे गाडी असते त्याला सगळं दोन मिनिटांवर असतं.

जाण्याआधी मी अभ्यास केला. आमच्या शहरात काय नाही? 2013 साली आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत, सुमारे साडेअकरा किलोमीटर, फक्त बससाठी मधोमध मार्गिका केली होती. आय-बस. काचेची सरकती दारं, थंड हवा, आणि दोन्ही बाजूंना अडकलेल्या मोटारींकडे वरून बघत सुसाट जाण्याचं सुख. मला तर मनापासून आवडायची. मोटारवाल्यांना अर्थातच नाही आवडली. शेवटी कोर्टकचेऱ्या झाल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती काढून टाकायला परवानगी दिली आणि रेलिंग उखडायला सुरुवातही झाली. आता मोटारी आणखी रुंद रस्त्यावर अडकतात.

मग 31 मे 2025 ला मेट्रो आली. पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर, सगळी सुपर कॉरिडॉरवर, विमानतळाच्या अंगाला. पहिला आठवडा फुकट होता, म्हणून अख्खी रामबाग बघून आली. रिक्षाने तिथवर जायचं, मेट्रोत बसायचं, पलीकडच्या टोकाला उतरायचं, तिथे काही नाही हे बघायचं, परत बसायचं आणि रिक्षाने घरी यायचं. आत्याला ती फार पसंत पडली. स्टेशनांची नावं ऐकून तिने हातच जोडले: अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई. "सगळ्या बायका आहेत," ती म्हणाली, "म्हणून वेळेवर येऊन राहिली आहे." 140 ला जायला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही.

उरलं बसचं अ‍ॅप. त्यात बस म्हणजे एक ठिपका. आदल्या दिवशी मी थांब्यावर जाऊन रंगीत तालीम केली. ठिपका माझ्याकडे आला, माझ्यातून आरपार गेला आणि पुढच्या चौकात पोचला. रस्त्यावर तेव्हा एक गाय आणि दोन ई-रिक्षा होत्या. शेजारचा कॉलेजकुमार म्हणाला, "अंकल, आगे निकल गई होगी." म्हणजे त्यालाही माहीत नव्हतंच, पण सांगितलं.

"फोन ठेव खिशात," आत्या म्हणाली. "मी येते तुझ्यासंगे."

आत्याचे प्रवासाचे नियम पक्के आहेत. पत्ता पुरुषाला विचारायचा नाही, त्याला सांगायची हौस असते. बाईला विचारायचा. तिला ठाऊक नसेल तर ती दुसरीला विचारते, दुसरी तिसरीला, आणि सगळ्या मिळून आपल्याला गाडीत बसवून देतात. रिकाम्या मॅजिकमध्ये चढायचं नाही, आणि ड्रायव्हरला "कधी निघणार?" हे तर मुळीच विचारायचं नाही, विचारलं की तो उतरून चहाला जातो.

आम्ही ई-रिक्षाने राजवाड्यापर्यंत आलो. तिथे ओळीने मॅजिक उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या दारात एकेक पोरगा शहराची उजळणी करत होता. आत्याने तीन गाड्या नुसत्या बघून सोडल्या. चौथीत डोकावली, माणसं मोजली आणि म्हणाली, "यात बसून जा."

"बस एक सवारी," ड्रायव्हर म्हणाला. "निकल ही रहे हैं, अंकल."

ही जी एक सवारी असते, तिच्याबद्दल मला आता आदर वाटायला लागला आहे. ती कधीच येत नाही. म्हणजे माणसं येतात: शेवेचा डबा मांडीवर घेतलेले आजोबा आले, नर्सिंगच्या दोन मुली आल्या, मग झाडू घेतलेला एक गृहस्थ आला, झाडू उभा. पण प्रत्येक जण बसला की ड्रायव्हर मागे वळून म्हणायचा, "बस एक सवारी." बाकावर आम्ही तिघे नीट बसलो होतो. पोरगा म्हणाला, "चार की है, चार की. खिसको." आम्ही खिसकलो. चौथा बसला तेव्हा माझा अर्धा भाग मॅजिकमध्ये आणि अर्धा मध्यप्रदेश शासनाच्या हद्दीत होता. समोरच्या बाकावर आत्या मात्र शेवेच्या डब्याला टेकून आरामात. खिडकीच्या काचेने थरथरू नये म्हणून तिच्या कडेला सुपारीच्या पुडीच्या घड्या खोचलेल्या होत्या, आणि त्यातली एक घडी सैल झाली की शेववाले आजोबा अंगठ्याने आत दाबत. त्यांचं ते रोजचं काम असावं.

गाडी हलली ती कशी, ते कळलंच नाही. कुणी एक सवारी आली नव्हती. मागच्या मॅजिकने नुसतं इंजिन चालू केलं, तेवढ्यावर आमचा ड्रायव्हर असा पेटला की नर्सिंगची एक मुलगी झाडूवर गेली.

भाडं देण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. ड्रायव्हरच्या शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा. मागून कुणीतरी नोट पुढे करायची आणि म्हणायचं, "दो, तिलकनगर." नोट हातोहात पुढे जाते. ड्रायव्हर मागे न बघता घेतो, एका हाताने स्टेअरिंग, दुसऱ्याने डब्यातली चिल्लर चाचपत, फक्त बोटांनी पाचाचं आणि दोनाचं नाणं ओळखत, सुटे मागे पाठवतो, आणि ते सहा अनोळखी हातांतून फिरून बरोबर त्याच माणसाच्या मुठीत पडतात. एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. माझ्या हातातून तर इतके लोकांचे पैसे गेले की मला थोडा वेळ सरकारी नोकरीत परत आल्यासारखं वाटलं.

पलासियाला गाडी निम्मी रिकामी झाली. आणि मी, आपल्याला थोडं कळायला लागलंय या उत्साहात, शेजारच्या गृहस्थाला विचारलं, "स्कीम 140 के लिए कहां उतरना?"

आत्याने कपाळाला हात लावला. नियम मोडला होता.

"बंगाली उतर जाना," गृहस्थ म्हणाले.

"बंगाली क्यों? पिपल्याहाना पास पड़ेगा," झाडूवाले म्हणाले.

"140 तो बहुत बड़ी है. कौन से गेट से जाना है?" मागून एकाने.

"खजराना होते हुए भी जा सकते हैं," दाराला लोंबकळणारा पोरगा म्हणाला. खजराना बंगालीपासून उलट दिशेला आहे. मॅजिकमध्ये दोन तट पडले. पिपल्याहानावाले संख्येने जास्त होते, बंगालीवाले आवाजाने. ड्रायव्हरही मागे वळून मत द्यायला लागला, तेव्हा आत्याने छत्रीची मूठ टपावर ठोकली आणि म्हणाली, "भैया, आप सामने देखो."

मग ती शेजारच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईंकडे वळली. बाई तिलकनगरच्या निघाल्या, मराठीच निघाल्या, आणि आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या नात्यातल्या निघाल्या. दोन मिनिटांत लग्नं, बदल्या, गुडघे आणि कुणाच्या सुनेने पोह्यात काय घातलं, हे सगळं होऊन गेलं. उतरता उतरता बाई म्हणाल्या, "बंगालीला उतरा, रस्ता ओलांडू नका, तिथूनच तीन इमलीकडे जाणारी धरा आणि पिपल्याहानाच्या आधी पाण्याची टाकी दिसली की हाक द्या." एवढ्या शब्दांत त्या दिवशी मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तीन इमलीवाल्या गाडीत आत्याने टाकी माझ्याआधी पाहिली, आणि डोळ्यांचं ऑपरेशन कुणाचं झालंय असा चेहरा करून माझ्याकडे बघितलं.

वास्तुशांत छान झाली. प्रश्न जेवणानंतर उभा राहिला, कारण मी सहज बोलून गेलो की परत मॅजिकने जाणार. बासुंदीच्या वाट्या खाली ठेवून मंडळी सल्ला द्यायला सरसावली. एक म्हणाला गीता भवनला उतर, दुसरा म्हणाला नवलखा सोपं. चुलतभाऊ म्हणाला, "तुम्ही आय-बस घ्या ना." त्याला मार्गिका उखडल्याची बातमी नीट पोचलेली नव्हती. सगळ्यांचं एकमेकांशी वाजायला लागलं, आणि त्यातला एकही जण गेल्या दहा वर्षांत बसमध्ये चढलेला नव्हता, हे त्यांच्या तपशिलावरून स्वच्छ दिसत होतं. शेवटी एका भाच्याने गाडीची किल्ली काढली. "आजी, मी सोडतो. दोन मिनिटं."

पलासियापासून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भाच्याने फोनवर नकाशा लावला होता. नकाशातली बाई दर चौकात नवा रस्ता सुचवत होती आणि तो दर चौकात तिचं ऐकत होता. आत्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून, गप्प. बाजूने एक मॅजिक खचाखच भरून, दारातल्या पोरासकट, आम्हाला मागे टाकून गेली. आत्याने ती वळेपर्यंत मान वळवून बघितली.

रामबागेत शिरता शिरता भाच्याने विचारलं, "आजी, नक्की कुठे सोडू तुम्हाला?"

"मुक्तिधाम स्मशानाच्या अलीकडे," आत्या म्हणाली. "आत नको नेऊस. तिथं जायला मला अजून एक सवारी कमी आहे."