वैशाखातला स्वेटर

मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या निवासी उन्हाळी शिबिरासाठी मुलाने आणायच्या वस्तूंची जी यादी आयोजकांनी पाठवली, तिच्यातील विजेरी, ताट-वाटी, ओडोमॉस आणि प्रत्येक कपड्यावर धाग्याने विणलेले नाव इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. अकराव्या क्रमांकावर मात्र 'उबदार स्वेटर (अनिवार्य)' असे होते. मुलाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कोपरापाशीच संपत असल्यामुळे भर मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर टेकलेला असताना, दर्यापूरच्या बाजारात नवा मागण्याची पाळी माझ्यावर आली.

दुकानदाराने मागणी शांतपणे ऐकून घेतली. शांत राहिले नाहीत ते फळीवर बसलेले एक आबाजी. त्यांचा दुपट्टा केव्हाच घेऊन झाला होता आणि गावच्या एसटीला अवकाश होता, इतकाच त्यांचा या प्रकरणाशी संबंध.

"काय मांगतलं, गुर्जी?"

"स्वेटर. मुलासाठी."

"हिव भरलं काय त्याले?" असे म्हणून त्यांनी पोराच्या कपाळाला हात लावला. "आंग त चांगलं हाये. मंग?"

मुलांना तिथे तंबूत राहायला, पहाटे उठायला आणि आपले ताट आपण धुवायला शिकवतात, असे मी सांगितले. आबाजींनी फी विचारली. मी आकडा हळू आवाजात सांगितला. त्यांनी तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत पोचवला.

"येवढे पैसे देऊन पोट्टं भांडे घासाले धाडता? आमच्या घरी धाडा ना राजेहो, मी फुकट घासाले लावतो!"

रसवंतीवरची माणसे ग्लास घेऊनच इकडे आली. मग आबाजी वाघावर घसरले. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता आणि त्यामुळे तिथे सगळे कसे शिस्तीत असते, असे मी शिक्षकी सवयीने बोलून गेलो, त्याचा अर्थ 'वाघ जुने आणि पुष्कळ' असा घेतला गेला. त्यानंतर भीमाने कीचकाला मारून तिथल्याच दरीत कसे फेकले, हे आबाजींनी पोराकडे रोखून पाहत साभिनय सांगितले. पोराने मला विचारले, "बाबा, तंबू दरीपासून किती दूर असतो?"

एवढ्यात माळ्यावरून डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट एक मरून रंगाचा स्वेटर खाली आला. तो घालून पाहिल्याशिवाय माप कळणार नाही यावर सर्वांचे एकमत झाले आणि माझा मुलगा भर दुपारी, डझनभर परक्या माणसांसमोर, गळ्यापर्यंत लोकरीत उभा राहिला. आबाजींनी आपल्या खिशातला कांदा काढून त्या स्वेटरच्या खिशात कोंबला. "राहू दे, लू लागत नाही."

हंगाम नसलेला माल स्वस्त मिळावा, हा माझा युक्तिवाद दुकानदाराने एका वाक्यात निकालात काढला. "गुर्जी, दिवाळीत चार दुकानांत भेटते म्हनून स्वस्त, आता माह्यापाशीच हाये." पूर्ण किंमत मोजली. वर आबाजींनी "पगार वाढला वाटते गुर्जीचा" असा शेरा मारला, तो मला अजूनही लागून आहे.

घरी येऊन मी हिशेब मांडला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर, म्हणजे आमच्यापेक्षा साधारण ८०० मीटर उंच. हजार मीटरला साडेसहा अंश या दराने पाच अंश उतरतात. दुपारी ४० अंश उरतात आणि रात्रीही चादरीवर भागते. माझा पक्का संशय आहे की ही यादी त्यांच्या हिवाळी शिबिराची असून वरचा महिना तेवढा बदलला आहे. तसे मी फोनवर विचारले, तर "यादीत आहे म्हणजे लागणारच, सर" एवढेच उत्तर मिळाले. पैसे आपण भरायचे, कागद आपण भरायचे, आणि यादी एकदा वाचून पाहण्याची तसदीही त्यांनी घ्यायची नाही!

त्या दुपारपासून मुलाच्या गळ्याभोवती घामोळे उठले आहे, आणि यादीतला बारावा क्रमांक 'त्वचाविकार नसल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र' हा आहे.