हरित कार्यालयासाठी साहेबांना चार शब्द

कर्मचाऱ्यांना पर्यावरणाची गोडी लावायची म्हणता? आधी एक फ्लेक्स छापून घ्या, चांगला दहा बाय सहाचा. 'प्लास्टिक टाळा, वसुंधरा वाचवा' आणि बाजूला हात जोडलेले तुम्ही. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच, असं स्टोअरमधला कुणी शहाणा कुजबुजेल. त्याला ग्रीन कमिटीत घ्या. दोन मीटिंगांत गप्प होतो.

मग कँटीन. थर्माकोलच्या ताटल्या काढण्यात आता शौर्य राहिलेलं नाही. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, देशात १ जुलै २०२२ पासून. तुम्ही कागदी कप बंद करा. त्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो हे समजावून सांगा आणि ज्याला त्याला घरून चहाचा मग आणायला लावा. बोर्डरूममध्ये मात्र सीलबंद पाण्याच्या बाटल्या राहू द्यात, पाहुणे येतात. दोन घोट पिऊन ते उठले की मावशी उरलेलं पाणी कुंडीत ओततात. अहवालात 'जलपुनर्वापर' असा रकाना असेलच.

एसीला हात लावू नका. खोलीतला एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा असा केंद्राचा नियम २०२० पासून आहे, पण तो खोलीच्या एसीला. तुमचा सेंट्रल, सुटलात! एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं; सांगू दे. तुमचा १९ वरच राहील, कारण सूट-टायमध्ये तुम्हाला उकडतं. ऐन एप्रिलात अकाउंट्समधले काका कानटोपी घालून व्हाउचर तपासतात, पलीकडे दोघी शाली पांघरून बसतात. तापमानाच्या बटणावर पारदर्शक डबी, डबीला कुलूप, किल्ली ॲडमिनकडे आणि ॲडमिन रजेवर. तेव्हा वीजबचत म्हणून प्रत्येक दिव्याच्या बटणाशेजारी 'जाताना बंद करा' असं स्टिकर लावा. कर्मचाऱ्याला आपला वाटा उचलल्यासारखं वाटलं पाहिजे.

येण्याजाण्याचा विषय जरा नाजूक. हिंजवडीच्या चौकात तासभर धूर खाऊन आलेला माणूस आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागणार. 'टीम स्पिरिट' म्हणा आणि विषय मिटवा. बसचा पास मागितला तर बजेट नाही. मॅनेजरांचा पेट्रोलभत्ता वेगळ्या खात्यातून जातो, त्याचा इथे संबंध नाही. ५ जूनला सायकल फेरी ठेवा. सायकली टेम्पोतून मागवा, म्हणजे फोटोत सगळ्या सारख्या रंगाच्या येतात.

बक्षीस हवंच. दरमहा एक 'ग्रीन चॅम्पियन' निवडा आणि त्याला स्टीलची बाटली द्या, बबल रॅपमध्ये गुंडाळून. त्याच्याकडे आधीच्या अशा चार आहेत, त्याची काळजी करू नका.

टाउनहॉलमध्ये कुणी एसीचं विचारलंच, तर 'छान सूचना, मेल करा' म्हणा. मेलच्या तळाशी 'गरज असेल तरच प्रिंट काढा' ही हिरवी ओळ असतेच. मेल आला की मंजुरीसाठी त्याच्या तीन प्रती मागवा, सहीशिक्क्यासह.