शिक्षा वाढवली की माणूस सुधरते का?

"शिक्षा कडक करा, लोकं आपोआप सरळ होतात." आमच्या पानठेल्यावर दिवसातून चारदा ऐकू येणारं वाक्य. पुढं आखाती देशांचा दाखला. (बोलणारा बहुतेक वेळा ट्रिपल सीट आलेला असतो, ते जाऊ द्या.)

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आहे शेतातला करंट.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्यांना हे नव्यानं सांगायला नको. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उलथं-पालथं करतात. अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई होईस्तोवर पुढचा हंगाम उजाडतो. मग कोणीतरी तारेवर आकडा टाकतो, धुऱ्यानं (बांधानं) खुट्या ठोकून उघडी तार ओढतो आणि पहाटे ती गुंडाळून ठेवतो. त्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वाघ मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ३ ते ७ वर्षं. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी तार लागते. पीक आज रात्रीच जाणार असतं. पोलिस आले तर येतील.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. पूर्वी तार लावणारा आजूबाजूला सांगून ठेवायचा, "भाऊ, रात्री ओलिताले इकडून येऊ नोको, करंट सोडला हाय." चुकीचंच होतं, पण शेजाऱ्याच्या जिवाची काळजी होती त्यात. गुन्हे दाखल व्हायला लागले तसं हे सांगणंही बंद झालं, कारण सांगणं म्हणजे कबुलीच. तार तिथंच आहे, फक्त आता कोणाला माहीत नाही. आणि लाइन रात्रीची, म्हणून मोटर सुरू करायला बॅटरी घेऊन निघालेला शेजारी त्याच धुऱ्यावरून जातो.

तो चिकटला, तर तारवाला आधी आरडाओरड करत नाही, आधी तार गुंडाळतो. देह उचलून दुसऱ्याच्या वावरात नेऊन टाकल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वाघ खड्ड्यात पुरल्याच्याही. हाच माणूस पोळ्याला बैलाच्या पाया पडतो. तो राक्षस नाही. भेदरलेला आहे, आणि भेदरलेला माणूस पहिले स्वतःला वाचवतो.

रस्त्यावरच्या अपघातातही हेच. पोलिसांचं लचांड नको म्हणून लोक जखमीला हात लावत नव्हते. शेवटी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम टाकावं लागलं. चांगुलपणा होताच लोकांकडं, भीतीनं तो दाबून ठेवला होता.

चोरबीटीचं, म्हणजे मान्यता नसलेल्या, चोरून विकल्या जाणाऱ्या जीएम कापसाच्या बियाण्याचं, तर विचारूच नका. तेव्हा कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता, तरी २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी ती जाहीर कार्यक्रम करून पेरली. ज्याला लोक पाप मानतच नाहीत, त्याला कितीही शिक्षा ठेवा.

"म्हणजे तुझं म्हणणं शिक्षाच नको?" असं कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच लिहितो. पाहिजे. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. त्याच्या धाकानं कोणाच्या मनातली जात गेली असं मला गावात तरी दिसलं नाही. पण शिवी ओठावर आली की जीभ अडखळते, आणि ज्याला ती शिवी खावी लागत होती त्याच्यासाठी हे काही थोडं नाही. मारणारा सुधरेपर्यंत मार खाणाऱ्यानं थांबायचं का? तिथं धाकच पाहिजे. फक्त त्या धाकाला नीतिमत्ता म्हणू नका. तो बंदोबस्त आहे.

करंटच्या बाबतीत मात्र धाकाचं काम उलटं पडतंय. चूक झाल्यावर ज्यानं स्वतः फोन केला, जखमीला दवाखान्यात नेलं, शिक्षा ठरवताना ते त्याच्या बाजूनं धरलं जाईल हे गावोगावी कळू द्या. ओलितासाठी दिवसा लाइन द्या. नुकसानीचे पैसे त्याच हंगामात खात्यावर टाका. आणि झटका मशीनचं अनुदान कागदावर ठेवू नका, बांधापर्यंत पोहोचवा. सौर कुंपणाच्या झटक्यानं डुक्कर पळतं, मरत नाही. पाटी लावता येते, शेजाऱ्याला सांगता येतं, पहाटे उठून काही गुंडाळावं लागत नाही.